वेस्ली मिचेलच्या पद्धतीनं घरखर्च आणि धंद्याची तेजी-मंदी वहीत कशी मांडायची

वेस्ली मिचेल हे नाव आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात फारसं कुणी घेत नाही, कॉमर्सच्या पोरांना पण तेजी-मंदीच्या धड्यात भेटला तर भेटला. पण घर आणि दुकान दोन्ही सांभाळणाऱ्याला याच्याइतका उपयोगी अर्थशास्त्रज्ञ दुसरा नाही असं माझं पक्कं मत आहे. 1874 ते 1948 असा त्याचा काळ. 1912 मध्ये यानं पैसा खर्च करण्याच्या मागासलेल्या कलेवर एक निबंध लिहिला आणि लगेच 1913 मध्ये व्यापारचक्रांवर, म्हणजे धंद्याच्या तेजी-मंदीच्या फेऱ्यांवर, जाडजूड ग्रंथ. निबंधात मुद्दा असा की पैसा मिळवायच्या कामात माणसानं एवढी प्रगती केली, कारखान्यात खरेदीला वेगळा माणूस, हिशेबाला वेगळा, पण खर्चाचं काम मात्र एकट्या गृहिणीवर, तिला धान्यातलं पण कळायला पाहिजे, कापडातलं पण, औषधातलं पण, आणि व्यापाऱ्याला निदान नफा-तोटा रुपयात मोजता येतो, घरात मिळणारं समाधान कशात मोजायचं? हे शंभर वर्षांपूर्वी लिहिलंय, आजही आपल्या घरात तसंच चाललंय की.

तर सुरुवात घरापासून करा. साधी लांब वही घ्या, मोबाईलवर एक्सेल जमत असेल तर तेही चालेल. किराणा, दूध-भाजी, कपडे, शाळा-क्लास, दवाखाना, प्रवास, सण-कार्य, हप्ते असे रकाने पाडा, पण "इतर" म्हणून रकाना ठेवू नका, कारण महिनाअखेर सगळा न आठवणारा खर्च तिथंच जाऊन पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसती रक्कम लिहू नका, नग आणि किलो पण लिहा. "तांदूळ 1250" असं नाही, "तांदूळ 25 किलो, 50 नं, 1250" असं. का ते सांगतो. मिचेलनं 1915 मध्ये अमेरिकेच्या सरकारी कामगार आकडेवारी खात्यासाठी किंमत-निर्देशांक, म्हणजे भाव एकूण किती चढले ते दाखवणारे आकडे, कसे बनवायचे यावर काम केलं होतं, ते तत्त्व आपल्या वहीत जसंच्या तसं बसतं. समजा गेल्या वर्षी तांदूळ 25 किलो 50 नं आणि तेल 5 लिटर 130 नं, म्हणजे 1900 रुपये. यंदा तेवढाच माल 55 आणि 150 च्या भावानं 2125 ला पडतो. 2125 भागिले 1900 गुणिले 100, उत्तर आलं साधारण 112. म्हणजे तुमच्या घरची महागाई 12 टक्के. आता किराण्याचा खर्च 12 पेक्षा जास्त वाढला असेल तर वरचं वाढलेलं आहे ते आपल्या वापरामुळं, दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही. ही गोष्ट फक्त रक्कम लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

ज्या घरात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 येतात त्यांनी ते जमेला वेगळ्या ओळीत मांडा, ज्या महिन्यात जमा झाले त्याच महिन्यात, कारण हप्ता उशिरा आला तर एका महिन्यात फुगवटा आणि दुसऱ्यात खड्डा दिसतो. बायकांना सरकारी बसचा फुकट प्रवास असला तरी प्रवासाच्या रकान्यात किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा, रुपये शून्य का असेनात.

आता धंदा. शहापूर-वडगावात साड्यांचं दुकान असो, उद्यमबागेत छोटं वर्कशॉप असो नाहीतर चिकोडी-अथणीकडं खताचं दुकान, रोजमेळ तुमच्याकडं असतोच, त्यातून महिन्याची विक्री काढा. तीन-चार वर्षांची मिळाली तर फारच उत्तम. मिचेलची युक्ती सोपी आहे, एका चक्रातल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची, तिला 100 धरायचं आणि प्रत्येक टप्पा तिच्या तुलनेत मांडायचा. सरासरी विक्री 80 हजार असेल आणि एखाद्या महिन्यात 96 हजार झाली तर तो महिना 120, 60 हजार झाली तर 75. फायदा असा की विक्री, उधारीची वसुली आणि विजेचे युनिट ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

पण थांबा, इथं हंगाम आडवा येतो. आपल्याकडं उसाचं बिल पडलं की बाजार हलतो, लग्नसराईत साडी खपते, आषाढात सगळं थंड. ही काही तेजी-मंदी नव्हे, हा दरवर्षीचा फेरा आहे, मिचेल पण आधी हंगामी चढउतार बाजूला काढायचा आणि मगच चक्र बघायचा. म्हणून महिना मागच्या महिन्याशी लावू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावा. त्यातही सणाची तारीख सरकते हे लक्षात ठेवा. दिवाळी 2022 ला 24 ऑक्टोबरला होती, 2023 ला 12 नोव्हेंबरला, त्यामुळं नुसता नोव्हेंबर नोव्हेंबरशी ताडला तर 2023 ला धंदा जोरात गेला असं खोटंच चित्र दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरा. अधिक महिन्याचं पण तसंच, 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, त्या काळात लग्नं नसणार, तिथं साडीची विक्री पडली म्हणून घाबरायचं कारण नाही.

एकट्या आपल्या दुकानावरून मंदी ठरवायची नाही, हा मिचेलचा सगळ्यात मोठा वारसा. 1946 ला त्यानं आपला सहकारी आर्थर बर्न्सबरोबर जी व्याख्या पक्की केली तिच्यात हेच आहे की बरेच धंदे साधारण एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात तेव्हाच ते व्यापारचक्र, आणि ते परत परत येतं पण घड्याळासारखं ठरलेल्या वेळी येत नाही, एका वर्षाहून थोडं मोठं असू शकतं नाहीतर दहा-बारा वर्षांचं पण. त्याच्याही सहभागानं 1920 मध्ये अमेरिकेत जी संशोधन संस्था (NBER) उभी राहिली तीच आजही तिथली मंदी कधी सुरू झाली, कधी संपली ते जाहीर करते.

म्हणून आपल्या वहीत शेजारच्यांचे पण चार आकडे घ्या. 1937 ला तिकडं मंदी आली तेव्हा अर्थमंत्र्यानं विचारलं, सुधारणा यायला लागली हे आधी कशावरून ओळखायचं, आणि 1938 ला मिचेल-बर्न्सनी त्याला आकड्यांची यादी काढून दिली. त्यात कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास होते. हे आपल्याकडं अगदी लागू पडतं, फौंड्रीवाला माणूस एकदम काढत नाही, आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग एक पाळी कमी करतो, आणि काम परत यायला लागलं की भरती करायच्या आधी आहेत त्यांनाच ओव्हरटाइम देतो. तेव्हा उद्यमबागेत काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला सहज विचारा, "ओटी चालू हाय काय?" आणि महिन्याला एकदा वहीत हो-नाही टिपा. जोडीला रविवार पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडं उधारी किती दिवसांनी फिटते ते, ऊस बिल किती दिवस लांबलं ते, आणि गवंडी-सेंट्रिंगवाल्यांना काम मिळायला लागलंय की नाही ते.

मिचेलवर टीका पण झाली, 1947 ला कूपमन्स या अर्थशास्त्रज्ञानं म्हटलं की हे सिद्धांताशिवाय नुसतं मोजमाप आहे. विद्यापीठात तो वाद महत्त्वाचा असेल, पण दुकानदाराला आधी मोजमापच पाहिजे.

वापर असा करा. विक्री, वसुली, ओव्हरटाइम, ऊस बिल, बांधकाम या पाचांपैकी तीन गोष्टी सलग तीन महिने गेल्या वर्षीपेक्षा खाली (ऊस बिलाच्या बाबतीत जास्त लांबलेलं) दिसल्या तर सणाचा माल उधारीवर भरू नका, रोखीनं परवडेल तेवढाच उचला आणि घरच्या वहीतला सण-कार्याचा रकाना पण त्याच महिन्यात घरच्यांबरोबर बसून तपासा. एकच आकडा खाली असेल तर फक्त पेन्सिलनं खूण करून ठेवा आणि पुढच्या महिन्याचा आकडा येऊ दे.