मँडोलिनचं लाडकं पिक हरवलं? या चुका टाळा

गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाआधी मँडोलिनवाला खिसे चाचपायला लागला की बाकीच्या वादकांना न सांगता कळतं. मग गिटारवाला आपलं पिक, म्हणजे तारा छेडायचा छोटा तुकडा, पुढे करतो, पहिल्याच ट्रेमोलोला (एकच स्वर भराभर खाली-वर फटके मारून लांबवताना) हात अडखळतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत वादकाचं अर्धं लक्ष बोटांवरच राहतं. हिंदी चित्रपटसंगीतामुळे मँडोलिनचा आवाज आपल्याकडे लोकांच्या कानांत पक्का बसला आहे. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः उत्तम मँडोलिन वाजवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांतही आधी मँडोलिनवादक म्हणूनच पुढे आले. ती गाणी ऐकत वाढलेला श्रोता पिकबद्दल काही सांगू शकणार नाही, पण आवाज उतरला की त्याला बरोबर समजतं.

एखादं पिक हाताला बसतं, तेव्हा त्याच्यात काहीतरी मोजता येण्यासारखं असतं. ते मोजून, लिहून ठेवलेलं नसेल तर पिकबरोबर आवाजही जातो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आपलं पिक नेमकं कोणतं, हेच माहीत नसणं

"काळं होतं, जाडसर, जरा गोल टोकाचं." एवढ्या वर्णनावर मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या मोठ्या दुकानातही तुम्हाला हवं ते पिक मिळणार नाही. जाडी, मटेरियल, टोकाची गोलाई आणि कडेची झीज, या चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. पिक हातात आहे तोवरच त्या टिपून ठेवा.

जाडीपासून सुरुवात करा. ०.७ मिमीच्या आसपासचं पिक गिटारवर मजेत चालतं, पण मँडोलिन वाजवणारे बरेच जण १ ते १.५ मिमीचं पिक पसंत करतात. इथे एक दशांश मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज बांधून भागत नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे भागातल्या एमआयडीसीत कोणी ओळखीचा टर्नर असेल तर सरळ त्याच्याकडे जा. मायक्रोमीटरवर पिक मोजायला त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. मध्यभागी आणि टोकाजवळ अशी दोन्हीकडे जाडी मोजून घ्या, कारण टोक झिजून पातळ झालेलं असतं. माझं पिक मोजून देणाऱ्या एका टर्नरने ते नखाने टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे डेलरिन दिसतंय. आम्ही ह्याचे बुश करतो." मशीनच्या बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या नळीसारख्या भागाला) जे मटेरियल घासणं सहन करतं म्हणून वापरतात, तेच पिकलाही चालतं. डनलॉप कंपनीची पिकची टॉर्टेक्स मालिका या डेलरिन प्लॅस्टिकचीच आहे. तिच्यात रंगावरून जाडी कळते : नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.० आणि जांभळं १.१४ मिमी. घामाने वरची छपाई पुसली गेली तरी रंग राहतो.

मटेरियल ओळखायला पिक फरशीवर टाकून आवाज ऐका. नायलॉनचा आवाज दबका येतो. सेल्युलॉइड आणि अल्टेक्ससारखं कडक प्लॅस्टिक टणकन वाजतं. नेमकं नाव कळलं नाही तरी दुकानात दोन-तीन पिक असंच टाकून जवळचं निवडता येतं. काडी लावून वास घेण्याचा प्रयोग मात्र चुकूनही करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं. नेलपॉलिश रिमूव्हरनेही ते पुसू नका, त्यातल्या ॲसिटोनमध्ये ते विरघळतं.

आकारासाठी आलेख कागदावर पिक ठेवून तासलेल्या पेन्सिलीने कड आखा आणि शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. कोणता कोपरा झिजलाय हेही बघा. मँडोलिनवर बरेच जण पिकचं अणकुचीदार टोक न वापरता त्याचा गोल खांदा, म्हणजे वरच्या दोन बोथट कोपऱ्यांपैकी एक, वापरतात, आणि कित्येकांना आपण तसं करतो याचा पत्ताच नसतो. टोक कोरं आणि खांदा चकचकीत दिसला, तर तुम्हाला गोल टोकाचं मोठं तिकोनी पिक जास्त सोयीचं पडेल.

तेच मॉडेल आणलं, तरी तो आवाज नाही

याच पायरीवर सर्वांत जास्त लोक हताश होतात. त्याच कंपनीचं, त्याच जाडीचं पिक आणायचं, वाजवायचं, आणि "ह्यात ती गोष्ट नाही" म्हणून डब्यात टाकायचं. दोष मॉडेलचा नसतो. जुन्या पिकची कड तुमच्या हाताने घडवलेली असते, नव्याची साच्यातून निघालेली.

जुनं पिक मिळालं तर टॉर्चच्या उजेडात तिरपं धरून बघा. एका पृष्ठभागावर एका बाजूची कड उतरती झालेली दिसेल. पिक उलटवलंत की तसाच उतार समोरच्या कडेला दिसेल. आपण पिक तारांना अगदी समांतर धरत नाही, किंचित तिरकं धरतो. त्यामुळे खालच्या फटक्याला एक कड घासते आणि वरच्या फटक्याला तिच्या विरुद्ध बाजूची. या दोन उतारांवरूनच तार अलगद सुटते. नव्या पिकला ते उतार नसतात, म्हणून तार अडकते, ट्रेमोलो खडखडतो आणि खालच्या स्वरांच्या गुंडाळीच्या तारांवर (ज्यांवर बारीक तार गुंडाळलेली असते) खर्र आवाज येतो.

हे उतार तुम्ही घरी काढू शकता. नवं पिक आधी अर्धा-पाऊण तास नेहमीसारखं वाजवा. मग उजेडात बघा, ओरखडे कुठे पडलेत. तिथेच घासायचं, दुसरीकडे कुठेही नाही. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, मिळतो. ४०० नंबरने उतार द्या, मग ६०० आणि १०००, शेवटी २०००. कागद काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा, दोन थेंब पाणी घाला, पिक किंचित तिरकं धरून हलक्या हाताने फिरवा. दर आठ-दहा हातांनंतर थांबून वाजवून बघा. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर जोर लावून घासा, कडेला चकाकी येईपर्यंत. ही चकाकी शोभेसाठी नाही. कडेवर राहिलेला प्रत्येक सूक्ष्म ओरखडा गुंडाळीच्या तारेवर ऐकू येतो. ४०० नंबरवरच थांबून "घासून काही फायदा झाला नाही" म्हणणाऱ्यांचं काम अर्धवट राहिलेलं असतं.

किती घासायचं ते आवाज सांगतो. आवाज टोचत असेल तर टोक अजून थोडं गोल करा. आवाज बसका वाटला, स्वराची सुरुवात धूसर झाली, तर जास्त घासलं गेलंय. तो कोपरा सोडून दुसरा घ्या. पिकला तीन कोपरे असतात, त्यामुळे एक बिघडला म्हणून ते फेकायचं कारण नाही.

मिळेल ते पातळ पिक घेऊन वेळ मारून नेणं

मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, व्हायोलिनसारख्याच सा-प अंतरावर लावलेल्या : जी, डी, ए, ई. तारा पोलादी, आखूड आणि चांगल्या ताणलेल्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच क्षणी सुटल्या तरच तो भरीव स्वर येतो. पातळ पिक पहिल्या तारेवर वाकतं, तिच्यावरून सुटतं आणि मग दुसरीवर आदळतं. सावकाश वाजवताना हे झाकलं जातं. ट्रेमोलोत मात्र वाकलेलं पिक सरळ होण्याआधीच परतीचा फटका येतो आणि स्वराऐवजी प्लॅस्टिकची चक्-चक् ऐकू येते.

उसनं घ्यायचंच असेल तर गिटारवाल्याकडे त्याच्याजवळचं सर्वांत जाड पिक मागा, आणि ते टोकाने न वाजवता खांद्याने वाजवा. जुनं एटीएम कार्ड कापून पिक करण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पण कार्डाची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे आपल्या कामाला पातळच. घरी सुचलेली ओळ आठवण्यापुरतं ते ठीक आहे.

चक्-चक् जाड पिकनेही येत असेल तर पिक किती खोल जातंय ते बघा. तारेच्या पलीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुरे. त्याहून खोल गेलं की ते फ्रेटबोर्डच्या (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) शेवटच्या टोकावर आपटायला लागतं.

तारांचा दोष पिकवर ढकलणं

ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या दमट, खाडीकडच्या हवेत पोलादी तारा फार लवकर गंजतात. पावसाळ्यात तर बघायलाच नको. नवं पिक आणलं आणि आवाज मेल्यासारखा वाटला, तर आधी ई तारेवरून कोरडं फडकं फिरवा. त्यावर काळपट-तपकिरी रेघ उठली तर आधी तारा बदला. गंजलेली तार पिकची कडही खाते. एकाच दिवशी तारा आणि पिक दोन्ही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

हरवतं कुठे, शोधायचं कुठे

आधी वाद्याच्या पोटात. गोल किंवा लंबगोल भोकाच्या मँडोलिनमध्ये पिक आत पडणं अगदी नेहमीचं आहे, आणि नुसतं उलटं करून जोरजोरात हलवल्याने ते पडत नाही, आतल्या पट्ट्यांना अडकतं. वाद्य उताणं धरून हळूहळू झुकवत पिक भोकाच्या बरोबर खाली आणा, आणि मग एका झटक्यात पालथं करा. एफ आकाराच्या छिद्रांचं मँडोलिन असेल तर वाकवलेल्या जाडसर तारेच्या टोकाला दुहेरी टेप गुंडाळून पिक चिकटवून ओढता येतं. आत पिकअपची (वाद्याचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्राची) वायर असेल तर हा उद्योग दुरुस्ती करणाऱ्यावरच सोडा.

पोटात नसेल तर कुर्ता बघा. बाजूच्या खिशात ठेवलेलं पिक मांडी घालून बसलं की सरकून बाहेर येतं. दिवाळी पहाटेला तलावपाळीला किंवा राम मारुती रोडला ते असं पडलं तर त्या गर्दीत शोधण्यात अर्थ नाही. पिक छातीच्या खिशात, किंवा झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. सुट्या नाण्यांसोबत कधीच नको, घासून चकचकीत केलेली कड एका दिवसात खरवडली जाते.

तारांमध्ये, वरच्या बाजूला खुंट्यांजवळ पिक खोचून ठेवायची सवयही सोडा. महिनोन्महिने तसं राहिलेलं पिक वाकतं. रबराचे किंवा व्हिनाइलचे चिकटवायचे पिक-होल्डर वाद्यावर लावू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकरचं पॉलिश असेल तर त्यावर कायमचे डाग पडतात. होल्डर हवाच असेल तर माइकच्या स्टँडला अडकवायचा घ्या. कार्यक्रमात पिक हातातून सुटलं तर खाली वाकावं लागत नाही, दुसरं तिथेच असतं.

घामाशी झुंज

मे आणि ऑक्टोबरमध्ये पिक सुटण्याचं खरं कारण घाम असतं, आणि त्यावरचा चुकीचा इलाज म्हणजे पिक आणखी घट्ट धरणं. पकड आवळली की मनगट आखडतं आणि ट्रेमोलो मंदावतो. पिक अंगठा आणि तर्जनीच्या बाजूच्या पेरामध्ये सैलसर राहिलं पाहिजे. ते फिरू नये म्हणून पकडायच्या जागेवर सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढा किंवा मधोमध बारीक छिद्र पाडा. कडेपासून मात्र लांब. पावडर लावू नका, घामात तिचा चिखल होतो आणि तो तारांवर बसतो.

"जुनं कासवाचं मिळालं तर बघ"

असं सांगणारे ज्येष्ठ वादक अजून भेटतात. त्या कवचाच्या आवाजाबद्दलचं त्यांचं प्रेम खरं आहे, पण ते कवच हॉक्सबिल समुद्री कासवाचं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे, आणि त्याच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कोणी लपूनछपून देत असेल तरी घेऊ नका. त्या आवाजाच्या जवळ जाणारं केसीनचं (दुधातल्या प्रथिनापासून केलेलं) पिक मिळतं. पॉलिइमाइड या प्लॅस्टिकचंही मिळतं, पण ते फार महाग असतं.

आणि आपल्या घरात करवंटी आहेच. सरोदचा जवा, म्हणजे सरोदचं पिक, करवंटीचा असतो, तेव्हा तारेवर हे मटेरियल चालतं का, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. वाळलेल्या नारळाचा सपाट तुकडा कापा, कानशीने दीड-दोन मिलिमीटरपर्यंत आणा, मग वर सांगितलेले वॉटर पेपर. वेळ लागतो, कधी तुकडा रेषेवर चिरतो. पण जमलं तर आवाज उबदार येतो, आणि हरवलं तर करवंट्या काही संपत नाहीत.

एकाच पिकवर सगळा रियाज

एकच पिक वर्षानुवर्षं वापरलं की हाताला दुसरं चालेनासं होतं. एकाच जाडीचे, एकाच मटेरियलचे तीन पिक एकदम घ्या, त्यांच्यावर सुईने १, २, ३ कोरा आणि रियाजाला आलटून पालटून वापरा. आठवड्यातून एकदा एकच संथ गाणं, लांब ट्रेमोलोचं, तिन्हींवर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंबर न बघता ऐका. जे वेगळं वाजतं त्याच्या कडेवर त्याच संध्याकाळी १००० आणि २००० चा हात फिरवा. तिघांतलं एक कायम मँडोलिनच्या केसमध्ये राहू द्या, एक छातीच्या खिशात, एक घरी. केसमधलं कोणी मागितलं तर ते देऊ नका, खिशातलं द्या.