लेबल परफेक्ट व्हायची वाट बघू नका, आधी पाठवा
सांगलीत फ्रीलान्स डिझाइन म्हणजे हळद-बेदाण्याची पाकिटं, दुकानाचे बोर्ड, लग्नपत्रिका, आणि त्यात फॉन्ट निवडण्यातच आठवडा घालवलात तर मार्केट यार्डातला व्यापारी तोवर दुसऱ्याकडून छापून मोकळा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी कच्चा लेआउट काढा, रंग नकोतच, नाव कुठे, वजन कुठे, एमआरपी कुठे एवढंच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या. शेठ म्हणणार "नाव मोठं करा", म्हणणारच ते, मग आधीच कळलेलं बरं ना! करेक्शन दोनदाच फुकट हे मात्र अ‍ॅडव्हान्स घेतानाच सांगा, नाहीतर फायनल, फायनल-२, खरंच फायनल असं चालूच राहतं.

परफेक्शनची खाज भागवायचीच तर छपाईच्या फाइलवर भागवा. सीएमवायके (म्हणजे छपाईचे चार रंग), ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके, म्हणजे छपाईची स्पष्टता), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचा, लायसन्स नंबर, चौकोनातला हिरवा ठिपका, हे सगळं दोनदा बघा, कारण इथे घोळ झाला तर छापलेला सगळा माल रद्दीत. सावली दोन पिक्सेल इकडे की तिकडे, हे गिऱ्हाइकाला दिसतही नाही.

आणि पाठवलं की लगेच पुढचं काम उघडा, निळी टिक कधी येते ते बघत बसू नका.