प्रोजेक्टरचे रंग बिघडलेत? रिमोट उचलायच्या आधी या चुका टाळा

शाळेचा हॉल असो, सोसायटीत मॅच दाखवायची असो नाहीतर गणपतीत मंडळाने लावलेला पडदा असो, प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडद्यावरचा माणूस हिरवा दिसला की चार जण रिमोटवर तुटून पडतात. एक कलर वाढवतो, दुसरा टिंट (हिरवा-गुलाबी तोल) फिरवतो, तिसरा मागून ओरडतो की ब्राइटनेस फुल कर रे, आणि दहा मिनिटांनी मुळात काय बिघडलं होतं तेच कुणाला कळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: तक्रार रंगाची असली तरी कलरच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण बऱ्याचदा दोष मेनूत नसतोच, तो केबलमध्ये, लॅपटॉपमध्ये, भिंतीवर नाहीतर वरच्या ट्यूबलाइटमध्ये असतो.

केबल न हलवताच टिंट फिरवणे

जुन्या व्हीजीए केबलवर (शाळांमध्ये अजून सर्रास तीच असते) लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या पिनमधून जातात. पिन वाकली किंवा स्क्रू न आवळता नुसतीच खुपसली की एक रंग गायब. मग लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा आणि पडद्यावर बघा. पिवळं दिसतंय तर निळा येत नाहीये, गुलाबी-जांभळं दिसतंय तर हिरवा गेलाय, आणि निळसर-हिरवट दिसतंय तर लाल. अशा वेळी मेनूत कितीही खेळा, जो रंग आतच आला नाही तो प्रोजेक्टर आणणार कुठून? केबल काढा, पिना बघा, परत लावा, स्क्रू आवळा, तरी नाही तर दुसरी केबल लावून बघा. सगळं चित्रच भडक हिरवं-गुलाबी झालं असेल तर इनपुट सिग्नलचं सेटिंग चुकून आरजीबीच्या जागी कंपोनंट झालंय का ते बघा, ऑटोवर टाकलं की बहुतेक वेळा काम होतं.

लॅपटॉप कडे कुणी बघतच नाही

सकाळी चित्र ठीक होतं आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला सगळं पिवळट-केशरी झालं, अशी तक्रार आली की मी आधी लॅपटॉपचा नाइट लाइट बघायला सांगतो. विंडोजमध्ये तो वेळ लावून आपोआप सुरू होतो, डोळ्यांना त्रास नको म्हणून निळा रंग कमी करतो, आणि तोच पिवळेपणा पडद्यावरही जाऊ शकतो. मॅकवर नाइट शिफ्टचं तेच. लोक बिचारे प्रोजेक्टरचं कलर टेंपरेचर (पांढरा पिवळट की निळसर ते ठरवणारं सेटिंग) वाढवत बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं निळंभोर.

दुसरी गोष्ट एचडीएमआयच्या रेंजची. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या व्हिडिओच्या सिग्नलमध्ये साधारण १६ ते २३५ असतात (लिमिटेड) आणि कॉम्प्युटरच्या ० ते २५५ (फुल). लॅपटॉप लिमिटेड पाठवतोय आणि प्रोजेक्टर फुल समजतोय असं झालं की काळं राखाडी आणि पांढरं मळकट दिसतं, म्हणजे चित्रावर धूर बसल्यासारखं. उलटं झालं तर काळे कपडे, केस, सावल्या सगळं एकच डाग होऊन जातं. दोन्हीकडे सारखं करा, प्रोजेक्टरच्या मेनूत हे व्हिडिओ रेंज किंवा एचडीएमआय रेंज अशा नावाने असतं. आणि टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक किंवा लॅपटॉप यांचा एचडीआर (जास्त उजेड-अंधाराच्या फरकाचा व्हिडिओ मोड) चालू राहिला तर साध्या प्रोजेक्टरवर चित्र अंधारं आणि फिकं येतं, तो बंद करून टाका.

ट्यूबलाइट चालू ठेवून काळा रंग मागणे

प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना भिंत जेवढी उजळ दिसते त्याहून काळं तुम्हाला कधीच मिळणार नाही. पडद्याच्या वरची ट्यूब चालू असेल तर कॉन्ट्रास्ट शंभरवर नेऊन काही होत नाही. सगळा हॉल काळोख करायची गरज नाही, पुढची ट्यूब बंद करा आणि मागची राहू द्या, एवढ्यानेही खूप फरक पडतो. भिंत पिवळ्या किंवा पिस्ता डिस्टेंपरची असेल तर तो रंग चित्रात उतरणारच, काही मॉडेलमध्ये वॉल कलरचा पर्याय असतो तो वापरा, पण पांढरी चादर ताणून बांधली तर त्याहून बरं. ऑइल पेंटच्या भिंतीवर मधोमध चकाकी येते, तिला सेटिंगमध्ये औषध नाही.

डायनॅमिक मोडवर रंग जुळवणे

इतकं सगळं ठीक असेल तर आता रिमोट घ्या, पण आधी मोड बदला. डायनॅमिक, ब्राइट, व्हिव्हिड ही नावं ऐकून लोक खूश होतात. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याच्या प्रकाशात मुळातच हिरवा जोरात असतो, आणि सगळ्यात जास्त उजेड हवा म्हणून या मोडमध्ये त्या हिरव्याला आवरलेलं नसतं. म्हणूनच चेहरे आजारी दिसतात. हॉलमध्ये उजेड असेल आणि नुसता मजकूर दाखवायचा असेल तर चालेल, पण माणसं, फोटो, सिनेमा यासाठी सिनेमा, मूव्ही किंवा एसआरजीबी मोड लावा आणि कलर टेंपरेचर ६५०० केल्विनच्या आसपास ठेवा. सुरुवातीला पिवळट वाटेल, पाच मिनिटं बघा, डोळे सरावतात. चित्र थोडं अंधारेल हे मात्र खरं, पण माणूस माणसासारखा दिसतो. आणि हे सगळं दिवा तापल्यावर करा, चालू केल्या केल्या नको, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

ब्राइटनेस म्हणजे उजेड नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ब्राइटनेस वाढवला की दिवा जास्त पेटत नाही, काळ्या भागाची पातळी वर जाते, म्हणून चित्र पांढुरकं पडतं. कॉन्ट्रास्ट पांढऱ्या टोकाचं काम करतो. तयार टेस्ट पॅटर्न मिळतात, पण नसला तरी अडत नाही. मी दोन चांगले फोटो लॅपटॉपमध्ये ठेवायला सांगतो: एक विठ्ठलाच्या मूर्तीचा जवळून घेतलेला आणि एक वारीचा, भर उन्हातला. आधी मूर्तीचा लावा. ब्राइटनेस कमी करत जा, काळ्या पाषाणातले डोळे-नाक-ओठ बुडायला लागले की थांबा आणि दोन-तीन घरं वर या. मग वारीचा लावा आणि कॉन्ट्रास्ट वाढवत न्या, जिथे पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या आणि टोपीची शिवण दिसेनाशी होते तिथून मागे या. परत एकदा मूर्ती बघा, कारण एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं. हे जमलं की त्याच फोटोत वारकऱ्यांचे उन्हाने रापलेले चेहरे बघून कलर आणि टिंट लावा, पताका भगवी दिसतेय की लालभडक तेही कळतं. बहुतेक वेळा टिंटला हात लावायची वेळच येत नाही.

शार्पनेस जास्त केला की अक्षरांना पांढरी कड येते, तो मधोमध किंवा खाली. अक्षरं पुसट असतील तर बहुधा रिझोल्यूशनचा घोळ असतो: लॅपटॉप १३६६ बाय ७६८ वर आणि प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे चित्र दाबून बसवलं जातं. विंडोजचं बटण आणि पी दाबून एक्सटेंड करा आणि प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन निवडा. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारं सेटिंग) कमीत कमी, त्यापेक्षा टेबल सरळ करा.

"काल सेट केलं होतं, आज सगळं गेलं" हेही नेहमीचंच. बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये सेटिंग त्या त्या इनपुटला आणि त्या त्या मोडला वेगळं सेव्ह होतं, एचडीएमआय १ वर केलेलं २ वर दिसणार नाही. सगळं जमल्यावर मेनूच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पडद्याचा फोटो काढून रंग तपासायला मात्र जाऊ नका, डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरच्या फिरत्या रंगचक्रामुळे मोबाइलच्या फोटोत भलतेच पट्टे येतात. डीएलपीत पांढरं चकचकीत आणि पिवळा रंग मात्र मोहरीसारखा मळका दिसत असेल तर ते चक्रातल्या पांढऱ्या भागामुळे, मेनूत ब्रिलियंट कलर असेल तर तो कमी करून बघा.

काही गोष्टी सेटिंगच्या हातात नसतात. दिव्याचे जे तास लिहिलेले असतात ते साधारण उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे, त्यामुळे मेनूत तास भरत आले असतील आणि चित्र मंद-पिवळट असेल तर दिवा बदला, आणि बदलल्यावरच तासांचा काउंटर शून्य करा. एलसीडी (आरशांऐवजी छोट्या पॅनेलमधून प्रकाश सोडणाऱ्या) प्रोजेक्टरला एका कोपऱ्यात पिवळा किंवा निळा पट्टा कायम दिसतोय तर आतली प्रकाश गाळणारी पोलरायझर पट्टी उष्णतेने गेलेली असू शकते, आणि त्यामागे बहुधा वर्षानुवर्षं न झटकलेला हवेचा फिल्टर असतो. पसरट रंगीत ठिपका म्हणजे आत गेलेली धूळ. डीएलपीवर पांढरे बारीक ठिपके चांदण्यांसारखे वाढत चाललेत तर चिपवरचे आरसे अडकलेत, ती चिप बदलावी लागते, आणि जुन्या मशीनवर तेवढा खर्च करायचा का हे कारागिराने उघडायच्या आधीच विचारून घ्या.