कोडं घालताना शब्द कसे तोलावेत

कोडं लिहून झालं की स्वतःचं उत्तर बाजूला ठेवा आणि एकेका शब्दाखाली रेघ मारत विचारा : याचा दुसरा अर्थ निघतो का? निघत असेल आणि त्याने उत्तर बदलत असेल, तर वाक्य बदला.

"एका घरात दोन मुलं आहेत. त्यांत एक मुलगा आहे. दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती?" इथे 'एक' म्हणजे एकच धरला, तर उत्तर शून्य. "थोरला मुलगा आहे" असं लिहिलं, तर 1/2. "निदान एक मुलगा असलेल्या अशा सगळ्या घरांतून एक घर चिठ्ठी टाकून काढलं" म्हटलं, तर 1/3. कारण मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा या तीन जोड्या सारख्याच शक्य आहेत. गणिती कोड्यांचे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये हाच प्रश्न 1/3 उत्तर देऊन मांडला होता आणि नंतर तो संदिग्ध असल्याचं मान्य केलं. म्हणून शक्यतेच्या कोड्यात माहिती कशी कळली, तेही लिहाच.

रोजच्या बोलण्यातले शब्द जास्त फसवतात. 'आठ दिवसांनी' म्हणजे आपण बहुधा पुढचा तोच वार धरतो, म्हणजे सातच दिवस. 'परवा' मागचा की पुढचा? सरळ तारीख द्या. 50 'दुपटीने वाढले' यातून कुणी 100 काढेल, कुणी 150. 'दुप्पट झाले' लिहा. 100 मीटर सरळ रस्त्यालगत दर 10 मीटरवर खांब असतील, तर दोन्ही टोकं धरून 11, टोकं सोडून 9.

चकवा मात्र काढू नका. "17 मेंढ्या होत्या, 9 सोडून सगळ्या मेल्या, किती उरल्या?" यात शब्द नेमके आहेत, घाईने वजाबाकी करणारा चुकतो. हा चकवा न्याय्य आहे.

इंग्रजीतून आणलेलं कोडं मराठी क्रियापदावर आपटतं. अपघातात वडील गेले, जखमी मुलाला ऑपरेशनसाठी आणलं आणि सर्जन ही त्याची आईच निघते, त्या कोड्यात 'सर्जन म्हणाल्या' लिहिलं की उत्तर फुटलं, 'म्हणाले' लिहिलं की ती फसवणूक झाली. तिथे "सर्जनचे शब्द होते : याचं ऑपरेशन मला जमणार नाही, हा माझा मुलगा आहे" अशी रचना करा. यात कुठेच लिंग उघड होत नाही.

शेवटी दोघांना कोडं फक्त लेखी द्या, तोंडी खुलासा करू नका. त्यांची उत्तरं वेगळी आली, तर दोघांनाही कोणता शब्द कसा वाचला ते विचारा आणि तेवढाच शब्द दुरुस्त करा.