ब्रूडर खोलीचा तापमान कंट्रोलर: या चुका टाळा

कोंबडीच्या पिल्लांच्या खोलीसाठी अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, कंट्रोलर बनवणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात. डिस्प्लेवर आकडा दिसला की काम झालं, असं त्यांना वाटतं. खरं काम तिथून पुढे असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सेन्सरवर डोळे झाकून विश्वास. निफाडकडच्या एका ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याला मी असा डबा करून दिला होता. जानेवारीची थंडी, तीनशे पिल्लं, २००० वॅटचा हीटर. रात्री उंदराने डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची वायर कुरतडली. सेन्सर तुटला की त्याची नेहमीची लायब्ररी (सेन्सर वाचणारं तयार कोड) उणे १२७ देते. माझ्या कोडमध्ये अट एवढीच होती: ३३ अंशांच्या खाली गेलं की हीटर चालू. हीटर रात्रभर बंदच झाला नाही. पहाटे पडदा उचलला, तर पिल्लं हीटरपासून लांब भिंतीला चिकटून, चोची वासून धापा टाकत होती. बेचाळीस दगावली.

तेव्हापासून ५ ते ५० अंशांबाहेरचा कुठलाही आकडा मी बिघाडच धरतो. हीटर बंद आणि मालकाच्या उशाशी बझर चालू, कारण थंडीनेही पिल्लं मरतातच. वीज आल्या आल्या हाच सेन्सर कधी कधी ८५ दाखवतो, तोही याच चाळणीत अडकतो. शिवाय हीटरच्या लाईनमध्ये ४० अंशांना तोडणारा साधा यांत्रिक थर्मोस्टॅट सिरीजमध्ये टाकतोच. रिलेचे, म्हणजे अर्डुइनोच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले, तर तुमचं कोड कितीही शहाणं असलं तरी हीटर बंद होत नाही. हा थर्मोस्टॅट वगळून पैसे वाचवणाऱ्याला मी डबा बनवून देत नाही.

रिलेचंच बघा. निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. कागदावर जमतं, पण रोज तासन्‌तास चालवलं की पॉइंट जळतात. मी रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा मोठा स्विच) ओढतो आणि हीटर त्यावर टाकतो.

चालू आणि बंद एकाच आकड्यावर ठेवू नका, रिले टकटक करत राहतो. ३३ला चालू, ३४ला बंद.

सेन्सर डब्यात नको, हीटरच्या तोंडावरही नको. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, असा प्रोग्रॅम असतो. दिवस मोजायला मिलिस (अर्डुइनो चालू झाल्यापासूनचा वेळ सांगणारं फंक्शन) वापरलं, तर वीज गेली की मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि तिसऱ्या आठवड्यातल्या पिल्लांना पहिल्या दिवसाची ऊब मिळते. स्वतःच्या सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ लावा, पिल्लं सोडल्याची तारीख ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, एकदाच लिहा. दर दहा सेकंदांनी तिथे तापमान लिहिणारे महाभाग आहेत. त्या जागेची हमी एक लाख वेळा लिहिण्यापुरती असते, ती बारा दिवसांत संपते.

मोबाईल ॲप आधी हवं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगतो: हीटरच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावून आठवडाभर चालवा. मध्येच सेन्सर उपटा, मेन स्विच पाडा. बल्ब एकदाही चुकीचा पेटला नाही, की मग हीटर जोडा.