टॅगवर फक्त दाखल क्रमांक

ग्रंथालयात आरएफआयडी (पुस्तकात चिकटवायचे, रेडिओ लहरींनी वाचले जाणारे चिपचे टॅग) बसवायचं ठरलं की सगळी चर्चा चोरीच्या गेटवर आणि टॅगच्या दरावर. वाचक काय नेतो हे बाहेर कळू नये, ही अट निविदेत कुणी घालत नाही. मी देवघेव विभाग सांभाळते, त्यामुळे मला तीच आधी दिसते.

एनएफसी (जवळ टेकवून टॅग वाचायची सोय) असलेला अँड्रॉइड फोन घ्या, टॅग वाचणारं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या टॅगवर फोन टेकवा. बहुधा ई०-०४ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसेल. तो चिप तयार होतानाच ठरतो, आपल्याला बदलता येत नाही. त्याखाली आपण भरलेला मजकूर. एसटीत शेजारी बसलेल्यालाही हे सगळं दिसू शकतं, फक्त फोन पिशवीला जवळजवळ टेकवावा लागेल.

म्हणून टॅगवर फक्त दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्या प्रतीला दिलेला क्रमांक, भरा. शीर्षक नको, लेखक नको, वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा) तर मुळीच नको. विक्रेत्याचा माणूस म्हणतोच, "मॅडम, जागा शिल्लक आहे, सगळं भरून देतो." नको म्हणून सांगा. ड्यूई वर्गीकरणात ६१६.८९ म्हणजे मानसिक आजार. तो आकडा टॅगवर असणं म्हणजे वाचकाच्या पाठीवर पाटी लावणं. सभासद कार्डावरही सभासद क्रमांकच. नाव, मोबाइल, आधार यांतलं काही नाही.

एवढं करूनही चिपचा कायमचा क्रमांक उरतोच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड मोल्नार आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००४ मध्येच हा धोका मांडला होता: कुणी कपाटांपुढे फिरून ठरावीक पुस्तकांचे क्रमांक टिपून ठेवले, तर पुढे ती कुणाच्या पिशवीत आहेत हे ओळखता येतं. ग्रंथालयाच्या डेटाबेसला हातही लावावा लागत नाही. कपड्यांच्या दुकानातला टॅग विक्रीनंतर कायमचा मारून टाकता येतो. आपलं पुस्तक परत यायचं असतं, तिथे तो उपाय चालत नाही.

खरेदी करताना १३.५६ मेगाहर्ट्झचा एचएफ, म्हणजे जवळूनच वाचला जाणारा टॅग घ्या. यूएचएफ (त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचा) स्वस्त पडतो, पण तो काही मीटरवरूनही वाचला जातो. आयकोड स्लिक्स२ नावाच्या एचएफ चिपमध्ये प्रायव्हसी मोड आहे, पासवर्डशिवाय ती स्वतःचा क्रमांकही सांगत नाही. साध्या स्लिक्समध्ये ही सोय नाही. मात्र देताना मोड चालू, परत घेताना बंद, हे प्रत्येक किऑस्कला (वाचकाने स्वतः देवघेव करायच्या यंत्राला) जमायला हवं, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायलाच हवा. लहान ग्रंथालयाने या भानगडीत पडू नये असं माझं मत.

त्यापेक्षा संगणकाकडे बघा, कारण कोण काय वाचतो याची खरी यादी तिथे असते. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'अनॉनिमस पेट्रन' (जुन्या नोंदी ज्याच्या नावावर टाकायच्या तो निनावी सभासद) ठरवून घ्या आणि परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या नोंदींतून सभासदाचं नाव काढणारी स्क्रिप्ट ठरावीक दिवशी आपोआप चालेल अशी लावा. किऑस्क आणि सर्व्हर यांच्यातलं एसआयपी२ या ठरावीक संदेशपद्धतीतलं बोलणं मुळात उघडंच जातं. ते वाचकांच्या वायफायवरून कधीच नको.

बाद पुस्तकं रद्दीत देण्याआधी टॅगच्या कॉइलचे सगळे वेढे कात्रीने तोडा. मग पुन्हा फोन टेकवून बघा, काही वाचलं जाता कामा नये.