मुलं-नातवंडं सुट्टीला येणार? मग या चुका टाळा

दर सुट्टीनंतर तेच. कुठल्यातरी मैत्रिणीचा फोन येतो, आवाज उतरलेला, "अगं सगळे आले, चार दिवस राहिले, पण कुणाशी धड बोलणंच झालं नाही, उलट जाताना थोडं वाजलंच." मग मी खोदून खोदून विचारते आणि दरवेळी त्याच चार-पाच गोष्टी बाहेर येतात. यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात आणि त्यांचा त्रास माझ्या मुलांना झालाय, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते. मला एक मुलगा, एक मुलगी, दोघांचे संसार वेगळ्या गावी, नातवंडं तीन: नात चौदाची, नातू सहाचा, आणि लेकीचा धाकटा चारचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक तासाला कार्यक्रम ठेवणं. मला हिचाच सगळ्यात जास्त राग आहे कारण ती प्रेमापोटी होते आणि म्हणून कुणी आपल्याला अडवत पण नाही. अडीच वर्षांपूर्वी दोन्ही मुलं एकाच वेळी चार दिवसांसाठी येणार होती, असं पाच वर्षांत झालं नव्हतं. मी काय केलं, महिनाभर आधी कागद घेतला आणि चार दिवसांचं टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं. सकाळी इकडे, दुपारी हे नातेवाईक, संध्याकाळी ते नातेवाईक, दुसऱ्या दिवशी दुपारी एकला सगळ्यांचा मिळून फोटो, कारण त्याच वेळी सगळे भाऊ-बहिणी येऊ शकत होते. लेकीचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. तो रोज साडेबारा ते अडीच झोपायचा, ती मला फोनवर दोनदा म्हणाली होती, "आई, त्याची दुपारची झोप बघ हं." मी म्हटलं एक दिवस उशिरा झोपला तर काय होतंय.

काय होतंय ते सांगते. पावणेएकला तो डोळे चोळायला लागला. एक वाजता माझा भाऊ अजून रस्त्यातच होता. सव्वाला सगळे ओळीत उभे राहिले आणि याला नवीन कपडे घालायला घेतले तर तो जो रडायला लागला तो थांबेचना, अंग ताठ करून, श्वास कोंडून, शेवटी लेकीच्या साडीवर ओकला. पंधरा-वीस माणसं बघतायत, प्रत्येकाचा एक सल्ला, कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी खुळखुळा हलवतंय, आणि मी, मी म्हणतेय "एकच फोटो, एकच." लेक त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. रात्री भांडी आवरताना तिनं मला शांतपणे सांगितलं, "आई, दोन दिवस झाले येऊन, मी तुझ्याशी पाच मिनिटं बोलले नाहीये." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद काढून टाकला.

आता माझी सवय अशी आहे. येण्याआधी आठवडाभर लेकीला आणि सुनेला विचारून घेते की मुलांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा काय आहेत, त्या आधी लिहिते आणि जागा उरली तर बाकीचं. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट, दुसरी नाही. वर्ष-दोन वर्षांच्या पोराला दुपारची झोप धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाचच्या मुलांना 10 ते 13, हे डॉक्टर लोक सांगतात, आणि परक्या घरात, परक्या गादीवर आधीच ती नीट झोपत नाहीत. परदेशातून येणारे असतील तर अजून सांभाळा. घड्याळात जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस शरीर जुळवून घ्यायला लागतात, म्हणजे आठ-नऊ तासांच्या फरकाच्या देशातून आलेली मुलं पहिला आठवडा रात्री दोनला टक्क जागी असणार, ती हट्टी नाहीत. आणि वयात आलेल्या पोरांना सकाळी उठवायला जाऊ नका, त्या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. माझी नात दहाला उठते. मी साडेदहाला तिच्याबरोबर पुन्हा एकदा चहा घेते आणि तेवढ्या वेळात ती मला जे सांगते ते दिवसभर कुणालाच सांगत नाही.

रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ असं आपल्या पिढीला वाटतं. मोठी झालेली मुलं आपल्याशी खरं बोलतात ती कधी, तर कपड्यांच्या घड्या घालताना, गॅलरीत उभं राहून, रात्री पाणी प्यायला उठल्यावर. त्याचा कार्यक्रम ठेवता येत नाही, जागा ठेवता येते.

दुसरी चूक, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे: औषधं. नवीन आजी-आजोबा पडदे बदलतात, खेळण्यांचा ढीग आणतात, नवीन चादरी घालतात, आणि गोळ्यांचा डबा जिथे रोज असतो तिथेच असतो, उशाशी नाहीतर जेवणाच्या टेबलावर. आमच्याकडे ह्यांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डब्यात असतात, वारांप्रमाणे. तो डबा रंगीत, हलवला की वाजतो, आणि झाकणं म्हाताऱ्या बोटांना उघडावीत म्हणून मुद्दाम सैल. लहान मुलासाठी याहून छान खेळणं कोणतं! चार वर्षांपूर्वी नातू दोन वर्षांचा असताना मला टेबलाखालून खुळ्ळ खुळ्ळ आवाज आला. वाकून बघते तर मांडी घालून बसलाय, डबा हातात, मंगळवारचं झाकण उघडं.

मंगळवारच्या गोळ्या पाच. फरशीवर तीन सापडल्या, एक त्याच्या मुठीत ओली झालेली. पाचवी नाही. सुनेनं त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं, मुलानं गाडीची किल्ली घेतली, मी आडवी पडून कपाटाखाली टॉर्च मारतेय. पाचवी गोळी ह्यांच्या चपलेत सापडली. तोवर दहा मिनिटं गेली असतील, पण सुनेचा त्या दहा मिनिटांतला चेहरा मी विसरू शकत नाही. मुठीतली गोळी ओली होती म्हणून आम्ही तरी हॉस्पिटलला गेलोच, त्यांनी कित्येक तास ठेवून घेतलं, दर थोड्या वेळानं शुगर तपासली. सुदैवानं काही झालं नाही. बीपीच्या आणि शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की मोठ्या माणसाची एकच गोळी दोन वर्षांच्या पोराच्या जिवावर बेतू शकते, आणि त्रास लगेच दिसतोच असं नाही, काही तासांनी पण दिसतो. म्हणून "खेळतोय की छान" म्हणून घरी बसायचं नाही. ओकारी काढायला जायचं नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

तर मुलं यायच्या आदल्या दिवशी मी काय करते, गुडघ्यांवर बसते आणि सगळ्या खोल्यांमधून त्या उंचीवरून फिरते. उभं राहून घर बघण्यात काही अर्थ नाही, त्या उंचीवरून काही दिसतच नाही. औषधं सगळी कुलपाच्या कपाटात, आणि आलेल्या पाहुण्यांच्या पर्स पण उंच खुंटीला, कारण पर्समध्ये हमखास गोळ्या असतात. दुसरं म्हणजे बटणासारखे चपटे सेल, रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाणं वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात, कानाच्या मशीनमध्ये. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही. बाथरूममधली बादली रिकामी, कारण रांगणाऱ्या पोराला बुडायला काही इंच पाणी पुरतं. गरम चहाचा कप मांडीवर मूल असताना हातात नाही. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि "आमची मुलं नाही का वाढली" म्हणत जे हा अर्धा तास वाचवतात त्यांच्याशी मी वाद घालते, घालत राहणार.

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्यच मुळात बंद करा. सुनेनं किंवा लेकीनं बाळाचा नियम सांगितला की तो तुमचा अपमान नाही, मधल्या काळात खरंच सल्ले बदललेत. आम्हाला सांगत, बाळाला पालथं झोपवा. 1990 च्या दशकात तो सल्ला उलटला, उताणंच झोपवा असं सांगायला लागले, आणि अमेरिकेत तान्ह्या बाळांचे झोपेत अचानक होणारे मृत्यू त्यानंतर निम्म्यावर आले. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी पण नाही. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या हातात नकोत, घशात अडकतात. एखादा नियम पटला नाही तर मुलांसमोर बोलू नका, रात्री एकटीला गाठून शांतपणे विचारा. आणि चोरून तर अजिबात नको, "आईला सांगू नकोस हं" म्हणून काही देणं. त्यातून मूल एवढंच शिकतं की आईपासून लपवायचं असतं, आणि लेकीच्या मनातला तुमच्यावरचा भरवसा गेला की पोर तुमच्यापाशी एकटं राहायला येणार नाही.

मग घाई. बाळ आलं की दारातच उचलून घ्यायचं, पापे घ्यायचे, आणि ते रडलं की "मला ओळखतच नाही" म्हणून तोंड पाडायचं. आठ-नऊ महिन्यांपासून मुलं अनोळखी माणसाला घाबरतात, ते त्यांच्या वाढीचंच लक्षण आहे. व्हिडिओ कॉलवरची आजी आणि समोरची, वास असलेली, चष्मा घातलेली, मोठ्या आवाजाची आजी ही बाळासाठी वेगळी माणसं. मी सरळ जमिनीवर बसते, हातभर अंतर ठेवून, आणि दोन रिकामे डबे घेऊन झाकण लावते, काढते, लावते, काढते. त्याच्याकडे बघत पण नाही. लेकीचा धाकटा पहिल्या दिवशी वीस मिनिटं आईला चिकटून बघत होता, मग रांगत आला, झाकण ओढून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. वीस मिनिटं लागली फक्त. ती वीस मिनिटं ज्यांना धीर नसतो ते मग मोबाईल दाखवून मुलाला जवळ बोलावतात. मोबाईल दाखवून आलेलं मूल मोबाईलकडे आलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तेव्हा हा शॉर्टकट आजी-आजोबांनी तरी वापरू नये.

आता बाकीच्या भराभर सांगते. सर्दी-खोकला असेल तर तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका, लांबून बघा, आपला साधा खोकला त्यांना हॉस्पिटलात नेऊ शकतो. नातवंडांची तुलना नको, कौतुकाच्या रूपात पण नको. पगार, वजन, दुसरं मूल कधी, हे तीन प्रश्न विचारूच नका, सांगायचं असेल तर ती सांगतील. सगळं काम एकटीनं करून मग दमले दमले म्हणू नका, जावयाच्या हातात सुरी द्या, मुलाला भांड्यांना लावा. तारखेचा हट्ट सोडा: व्याह्यांना पण तीच मुलं, तीच नातवंडं आहेत. आम्ही एका वर्षी सगळं दहा दिवस उशिरा साजरं केलं आणि नातवंडांना त्याचा पत्ता पण नव्हता.

शेवटचा दिवस मात्र फार लोक बिघडवतात. सामान बांधायच्या वेळी जुना विषय काढतात, नाहीतर "इतक्यात निघालात?" म्हणून डोळ्यांत पाणी. मुलांना आधीच अपराधी वाटत असतं, त्यात लांबचा प्रवास, रडकी पोरं. मी निघायच्या दिवशी काहीच ठेवत नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाहीत. धाकट्याला घेऊन सगळ्या खोल्यांमधून चार्जर, मोजे, गाड्या गोळा करत फिरते, तो पिशवी धरतो. मागच्या वेळी गाडी सुटल्यावर पलंगाखाली एक निळी गाडी राहिलेली दिसली. लेकीला फोटो पाठवला तर फोन धाकट्यानंच घेतला, "आजी, ती मी ठेवलीये. तिथेच राहू दे."